नासधूस करणारी मुले आणि न्याय्य शिक्षा

ट्रस्टच्या अभ्यासिकेत गेल्या मे महिन्यात जे घडले ते सभासदांच्या घरोघरी पोचलेच आहे. तेव्हा ते येथे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सुटीच्या दिवसांत दुपारी अभ्यासिका मुलांना मोकळी असते. एके दिवशी देखरेख करणारे काका तासाभरासाठी बँकेत गेले असता तीन मुलांनी बालविभागातील अकरा पुस्तकांतली चित्रांची पाने ब्लेडने कापून काढली, दोन खुर्च्यांच्या वेताच्या बैठका फाडल्या आणि महोत्सवासाठी नुकत्याच रंगविलेल्या भिंतीवर कोळशाने मनास येईल ते लिहिले. मुले परकी नव्हती, आपल्या सभासदांचीच होती. वये दहा, बारा आणि तेरा.

पुढच्या बैठकीस आम्हांस मुद्दाम बोलाविण्यात आले होते. चहा येण्यापूर्वीच चार मते मांडून झाली होती. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आमच्या वेळी मास्तरांनी पाठीवर वळ उठविले असते आणि बापाने घरी गेल्यावर त्यावर आणखी दोन." दुसरे म्हणाले, "पोरंच ती, सोडून द्या." तिसऱ्यांचे म्हणणे, दुप्पट पैसे वसूल करावेत. चौथ्यांचे, तिघांची नावे फलकावर लावावीत म्हणजे इतरांस दहशत बसेल. मग अध्यक्ष आमच्याकडे वळले. "सर, तुम्ही वीस वर्षे पोरांतच आहात. तुम्ही सांगा."

आम्ही दोन मिनिटे काहीतरी बोललो. पण घरी जाताना आमचेच समाधान झाले नव्हते. पुढे स्मरणिकेसाठी 'शिक्षण आणि संस्कार' या विषयावर लेख मागण्यात आला, तेव्हा त्या दिवशीचे अपुरे उत्तरच येथे पुरे करावे असे ठरविले. बी.एड.च्या वर्गात आम्हांस शिक्षेचे प्रकार, हेतू आणि परिणाम शिकविले होते. आम्ही ते पाठ करून परीक्षाही दिली. तुटलेली खुर्ची समोर असताना काय करावे हे मात्र नोकरीत चुका करूनच शिकावे लागले.

प्रथम छडीविषयी. आम्हीही छड्या खाल्लेल्या पिढीतले आहोत, आणि त्या मारणाऱ्या गुरुजींविषयी आमच्या मनात आजही आदर आहे. परंतु त्या छड्या कशाबद्दल होत्या हे आठवू लागलो तर एकही कारण आठवत नाही. आठवतो तो फक्त हात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे आणि १६ व्या कलमाने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही. हा कायदा शाळांचा आहे, अभ्यासिकेला तो लागत नाही, असे कोणी म्हणेल. म्हणोत. जे शाळेत चालत नाही ते आपण धर्मादाय ट्रस्टच्या छपराखाली चालवावे काय, एवढेच आम्ही विचारतो. आणि नावे फलकावर लावणे हाही आमच्या मते मारच आहे. फक्त त्याचा वळ दिसत नाही आणि तो लवकर जातही नाही.

सोडून देण्याच्या मतालाही थोडा आधार आहे. सात वर्षांखालील मुलाची कोणतीही कृती गुन्हा ठरत नाही आणि सात ते बारा या वयात मुलाची समज पुरेशी पक्व नसेल तरीही ठरत नाही, असे १८६० च्या दंडसंहितेत होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम ठेवले आहे. परंतु गुन्हा ठरला नाही म्हणजे खुर्ची आपोआप विणली जाते असे नाही. कोणीतरी ती विणतो, कोणीतरी त्याचे पैसे देतो. मूल ते पाहतही नाही. ज्याने मोडले त्याला मोडल्याचे ओझे कळू न देणे यात आम्हांस माया दिसत नाही.

आता सर्वांना मिळून शिक्षा करण्याची आपली जुनी खोड. बाळ टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण सारे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो आहोत. वर्गात टरफले सापडली, गुरुजींनी सगळ्यांस उचलावयास सांगितले, आणि ज्याने शेंगा खाल्ल्या नव्हत्या त्याने टरफले उचलण्यास नकार दिला. ही गोष्ट सांगताना आपण सगळे त्या मुलाच्या बाजूचे असतो. दुसऱ्या दिवशी वर्गात खिडकीची काच फुटलेली दिसली की आपण गुरुजींच्या बाजूला जाऊन बसतो. आम्ही स्वतः बसलो होतो. ती हकीगत सांगणे अवघड आहे, पण ती वगळून हा लेख लिहिणे खोटेपणाचे होईल.

आमच्या नोकरीची ती पहिली वर्षे. शाळेचे नाव सांगत नाही. सोमवारी सकाळी शाळेत आलो तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीच्या पाचही पितळी तोट्या पिळून काढलेल्या आणि टाकी रिकामी. त्या दिवशी दुपारच्या जेवणासाठी पाणी नव्हते. मुली बाजूच्या घरांतून बाटल्या भरून आणीत होत्या. आठवीची मुले शनिवारी सर्वांत शेवटी बाहेर पडली होती आणि आम्ही आठवीचे वर्गशिक्षक. विचारले, कोणी बोलेना. आम्ही सबंध वर्ग एक तास उन्हात उभा केला. तेव्हा २००९ चा कायदा झालेला नव्हता. पण तेवढ्याने ते बरोबर ठरत नाही.

उन्हातूनही कोणी पुढे आले नाही, तेव्हा आम्ही डोके चालविले. वर्गात एका भंगारवाल्याचा मुलगा होता. अभ्यासात मागे, दोनदा मारामारीत सापडलेला. पितळी तोट्या आणि बापाची भंगाराची गाडी! आमच्या मनात हिशेब जुळला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी चारशे मुलांसमोर त्याला उभे करून आम्ही विचारले, "तोट्या कुठे विकल्यास?" तो म्हणाला, "मी नाही सर." तीनदा विचारले, तीनदा तो हेच म्हणाला. चौथ्यांदा गप्प राहिला आणि ते गप्प राहणे आम्ही कबुली मानली.

शुक्रवारी शिपाईमामांना शाळेमागच्या घाणेरीच्या झुडपात पाचही तोट्या सापडल्या. चौकशी झाली. पुढच्या बाकावर बसणाऱ्या, नेहमी गृहपाठ पुरा करणाऱ्या दोघांनी पैज लावून ते केले होते. त्यांतल्या एकाचे वडील गावातले वजनदार गृहस्थ. ते मोटारसायकलवरून आले, गाडी बंद न करताच म्हणाले, "सर, तोट्यांचे किती झाले?" आम्ही आकडा सांगितला, त्यांनी नोट काढून दिली, आम्ही पावती फाडली. प्रकरण मिटले. त्या दोन मुलांना साधा एक प्रश्नही चारशे मुलांसमोर कोणी विचारला नाही.

आणि तो भंगारवाल्याचा मुलगा? त्याला आम्ही शिक्षकखोलीत बोलावून, दार लोटून, "चूक झाली रे" म्हणालो. तो म्हणाला, "असू दे सर." आरोप चारशे मुलांपुढे आणि माफी दाराआड, हे तेव्हा आम्हांस जाणवलेही नाही. आठवीनंतर तो शाळेत आला नाही. त्याला एवढेच कारण होते असे आम्ही म्हणत नाही. घरची ओढाताण होतीच. परंतु त्या वर्षी शाळेत काय घडले ते आम्हांस ठाऊक आहे, आणि त्याला तर आहेच.

यावरून दोन गोष्टी आम्ही धरून ठेवल्या आहेत. खात्री होईपर्यंत कोणालाही उभे करावयाचे नाही, मग त्यासाठी गुन्हा उघडकीस न आला तरी चालेल. आणि मोठ्यांची चूक झाली तर जेथे आरोप केला तेथेच, तेवढ्याच आवाजात ती कबूल करावयाची.

त्या मोटारसायकलवाल्या गृहस्थांच्या नोटेकडे मात्र पुन्हा वळले पाहिजे. आपल्या बैठकीतले तिसरे मत तेच होते, आणि ते दिसावयास अगदी न्याय्य दिसते. नुकसान झाले, भरपाई मिळाली. पण भरपाई कोणी केली? बापाने. ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्या मुलाला काहीच लागले नाही, आणि ज्याच्या घरी नाही त्याच्या मुलाला बापाचा मार, आईचे रडणे आणि कदाचित आठवड्याच्या बाजाराला कात्री, एवढे सारे लागेल. एकाच खुर्चीसाठी इतक्या वेगळ्या दोन शिक्षा होतात. दुप्पट दंडाने तर हे अंतर दुप्पट होईल.

लहानपणी घरी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. पवित्र कुराणातील 'अल्-अंबिया' या अध्यायात हजरत दाऊद आणि त्यांचे पुत्र हजरत सुलेमान यांच्या एका निवाड्याचा उल्लेख आहे. तपशील भाष्यकारांनी दिला आहे. एकाच्या मेंढ्या रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरल्या आणि पीक फस्त करून गेल्या. दाऊदांनी निवाडा दिला की मेंढ्या शेतवाल्याला द्याव्यात. नुकसान मोठे होते, तेव्हा हिशेबाने त्यात चूक नव्हती. सुलेमान तेव्हा लहान वयाचे होते. त्यांनी वेगळे सुचविले. मेंढ्या काही काळ शेतवाल्याकडे राहाव्यात, त्याने त्यांचे दूध आणि लोकर घ्यावी. तोवर मेंढीवाल्याने ते शेत कसून पूर्वी होते तसे करून द्यावे. शेत तसे झाले की ज्याचे त्याला परत. वडिलांनी मुलाचा निवाडा मान्य केला.

शेतकऱ्यांना ही गोष्ट फोडून सांगावी लागणार नाही. आपल्याकडे गुरे शेतात शिरली की कोंडवाड्यात घालीत आणि मालक दंड भरून सोडवून नेई. दंड भरला तरी पीक उभे राहत नसे. सुलेमानांच्या निवाड्यात मात्र पीक उभे राहते. मेंढीवाल्याला रोज त्या शेतात उभे राहून आपल्या हलगर्जीपणाने काय झाले ते पाहावे लागते, शेतवाला मधल्या काळात उपाशी राहत नाही, आणि शिक्षेला शेवट आहे. हा शेवट फार महत्त्वाचा आहे असे आम्हांस वाटते. मुलांच्या शिक्षांना पुष्कळदा शेवटच नसतो, पुढची पाच वर्षे प्रत्येक लग्नात कोणीतरी मामा "हाच ना तो पुस्तके फाडणारा?" म्हणतच राहतो.

आपल्याच राज्यातले अलीकडचे उदाहरण पाहा. २०१९ साली हंपी येथे काही तरुणांनी मंदिराच्या आवारातील एक दगडी खांब ढकलून पाडला. त्याचे चित्रीकरण लोकांपर्यंत पोचले आणि चौघांना अटक झाली. होसपेटच्या न्यायालयाने प्रत्येकी सत्तर हजार रुपये दंड केला आणि शिवाय तो खांब पुन्हा उभा करावयास लावले. पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली त्यांनी तो उभा केला. ती मुले नव्हती, वयात आलेले तरुण होते. त्यामुळे दंडाच्या आकड्याविषयी येथे बोलण्याचे कारण नाही. पण पाडताना एका धक्क्याने पडलेला दगड पुन्हा उभा करावयास किती हात लागतात हे त्यांना खांद्यांनी कळले असेल.

परदेशातले एक उदाहरण तर याहून जवळचे आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एल्मायरा नावाचे लहान गाव आहे. १९७४ साली तेथील अठरा-एकोणीस वर्षांच्या दोघा तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. मोटारींची चाके फाडली, खिडक्या फोडल्या. त्यांच्यावर देखरेखीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने न्यायाधीशांस सुचविले की या दोघांनी नुकसान झालेल्यांच्या दारी जाऊन त्यांना भेटावे. कायद्यात तसे काही नव्हते. तरीही न्यायाधीशांनी ते मान्य केले. अधिकारी मागे उभे राहत आणि दार ठोठवावयाचे त्या पोरांनीच. कोण आहोत, काय केले, ते सांगावयाचे, आणि घरच्या माणसाचे ऐकून घ्यावयाचे. नुकसानीची टिपणे करून पुढे काही महिन्यांत त्यांनी पुन्हा त्याच दारांशी जाऊन भरपाई पोचती केली. त्यांतला एक जण पुढे प्रौढपणी या पद्धतीविषयी लोकांपुढे उघडपणे बोलत असे. येथूनच ही पद्धत देशोदेशी पसरली. १९८९ साली न्यूझीलंडने तर मुलांच्या बाबतीत घरच्यांनी, नातलगांनी आणि नुकसान झालेल्याने एकत्र बसून तोड काढण्याची रीत कायद्यातच घातली. तेथील मूळच्या माओरी लोकांच्या चालीचा तिला आधार होता. आपल्या बाल न्याय अधिनियमानेही (२०१५) मंडळापुढे आलेल्या मुलाबाबत समज देऊन घरी पाठविणे, समुपदेशन, समाजसेवेचे काम असे मार्ग दिले आहेत.

दार ठोठावण्याची ही शिक्षा सौम्य आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ती एकदा करून पाहावी. आम्ही आमच्या आताच्या शाळेत सातवीच्या एका मुलाला फुटलेल्या काचेसाठी शेजारच्या आजींकडे पाठविले. तो म्हणाला, "सर, त्यापेक्षा दोन छड्या मारा की."

आता काम कोणते द्यावे याविषयी थोडे खोलात जाऊन लिहितो, कारण घोटाळा येथेच होतो. अनेक ठिकाणी मुलांना शिक्षा म्हणून संडास धुवावयास लावतात. आमचा याला ठाम विरोध आहे. ज्याने संडास घाण केला त्याने तो धुवावा, हे ठीक. पण खुर्ची मोडल्याबद्दल संडास धुवावयास लावला तर मूल खुर्चीविषयी काहीच शिकत नाही. ते एवढेच शिकते की झाडलोट हे हलके, अपराध्यांचे काम आहे. आपल्या समाजात हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या माथी मारले गेले हे ठाऊक असताना आपण तरी मुलांना हा धडा देऊ नये. तसेच शिक्षा म्हणून पाढे किंवा निबंध लिहावयास देणे. मग पाढ्यांनी कोणते पाप केले होते?

याला उलट जाणारे एक उदाहरण आम्हांस माहीत आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात रॉबर्ट फ्रॉस्ट या प्रसिद्ध कवीचे एक जुने घर जतन केलेले आहे. २००७ च्या डिसेंबरअखेर काही तरुण मुलामुलींनी ते रिकामे घर उघडून तेथे दारूची मेजवानी केली आणि सामानाची नासधूस केली. दोन डझनांहून अधिक जणांवर खटले झाले. २००८ साली त्यांच्यापैकी बहुतेकांना शिक्षेचा भाग म्हणून जे पॅरिनी या प्राध्यापकांच्या वर्गात बसून फ्रॉस्टच्या कविता शिकाव्या लागल्या. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा हसलो. कविता ही शिक्षा झाली तर कवींनी काय करावे? परंतु विचार केल्यावर वाटले की ज्या माणसाच्या घरात ती मुले शिरली तो माणूस कोण होता हे त्यांना माहीतच नव्हते. ते माहीत करून देणे हाही नुकसान भरून काढण्याचाच भाग होता. मोडलेल्या वस्तूशी संबंध असेल तर अभ्यासही चालेल. उगाच दिलेला चालणार नाही.

कामाचे माप आधीच ठरवावे आणि ते मुलाच्या वयास साजेसे असावे. दहा वर्षांच्या मुलाने तेरा वर्षांच्या मुलाइतकेच केले असे दिसले तरी पुष्कळदा धाकट्याने थोरल्याचे अनुकरण केलेले असते. काम चालू असता कोणी उभे राहून टोमणे मारू नयेत, फोटो तर मुळीच काढू नयेत. हल्ली हे वेगळे सांगावे लागते. आणि काम पुरे झाले की घरात, शाळेत, सभेत त्याचा उच्चार बंद.

अभ्यासिकेचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आमचे म्हणणे विश्वस्तांनी, एका मताचा विरोध नोंदवून, मान्य केले. आईवडिलांकडून पैसे घेतले नाहीत. तिघांनी प्रथम देखरेख करणाऱ्या काकांना भेटून काय केले ते सांगितले. काकांना आपण बँकेत गेलो याचेच वाईट वाटत होते; ते त्यांनी मुलांना बोलून दाखविले, तेव्हा सर्वांत थोरला रडला. भिंत तिघांनी मिळून घासली आणि रंगाऱ्याच्या हाताखाली पुन्हा रंगविली; कोळसा वरच्या थरातून डोकावतो म्हणून तीन हात द्यावे लागले. वेत विणणे मुलांच्या आटोक्यातले नव्हते. ते कारागिराने केले आणि मुले वेत भिजवून देण्यास बसली. पुस्तकांसाठी जुन्या पेठेतले एक बाईंडर रविवारी दोन तास येऊ लागले. कापलेली पाने काकांनी फेकली नव्हती, हे नशीब. पानाच्या कापलेल्या कडेस पातळ कागदाची पट्टी लावावयाची, मैद्याची खळ बोटाने सारखी पसरावयाची, वर फळी आणि फळीवर दगड ठेवून आठवडाभर दाबून ठेवावयाचे. खळीस कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात. तो विषारी असल्याने मुलांच्या हाती दिला नाही. ब्लेडने एक पान कापावयास एक क्षण लागतो आणि ते बसवावयास, मुलांच्याच मोजणीप्रमाणे, पंचवीस मिनिटे.

सहा रविवारांत नऊ पुस्तके कपाटात परत गेली. उरलेल्या दोहोंतली काही पाने सापडलीच नाहीत. ती नवी घ्यावयाची की तिघांनी दुसऱ्या प्रतीवरून ती पाने हाताने उतरवून काढावयाची, हा प्रश्न विश्वस्तांच्या पुढील बैठकीपुढे आहे. थोरला मुलगा सातव्या रविवारीही आला होता. काम नाही म्हटल्यावर बाईंडरांच्या शेजारी बसून, दाभण कसे धरतात ते पाहत राहिला.